सगळ्यांच्या हातात खडू

आज मी आपल्याशी फळ्याविषयी बोलणार आहे. हा फळा भिंतीवरचा नाही. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर उघडणारा आहे. ऑनलाइन व्हाइटबोर्ड असं त्याचं इंग्रजी नाव. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या लहान कंपन्या, कारखान्यांची ऑफिसं आणि काही सेवाभावी संस्था, इथल्या मंडळींना हा फळा वापरायला शिकवण्याचं काम मी गेली काही वर्षं करते. तो चालवायचा कसा, हे कुणालाही अर्ध्या तासात येतं. त्यावर लिहायचं कुणी, हा प्रश्न मात्र अर्ध्या तासात सुटत नाही. माझ्या बोलण्याचा मुद्दा तोच आहे.

आपल्या ओळखीचे फळे जरा आठवून पाहा. शाळेत खडू बाईंच्या हातात असायचा. सोसायटीच्या जिन्याखाली काचेचं दार असलेला सूचनाफलक असतो आणि त्याची किल्ली सेक्रेटरींच्या खिशात. ऑफिसात मीटिंगच्या खोलीत पांढरा बोर्ड असतो, मार्कर बहुतेक वेळा साहेबांकडे. एक जण लिहितो, बाकीचे वाचतात. साहेब मोकळ्या मनाचे असले तर लोक सांगतील तेही लिहितात. पण ते त्यांच्या शब्दांत, आणि त्यांना पटेल तेवढंच. ऑनलाइन फळ्यावर हा हिशेब बदलू शकतो. 'शकतो' असं म्हणते, कारण तो आपोआप बदलत नाही.

रेडिओवर मला चित्र दाखवता येत नाही, तेव्हा ते आपणच डोळ्यांसमोर आणा. एक भलामोठा पांढरा कागद आहे. त्याला कडाच नाहीत. कुठल्याही बाजूला सरकवा, पुढे जागा आहेच. त्यावर रंगीत चौकोनी चिठ्ठ्या लावता येतात. चिठ्ठीवर टाइप करायचं, ती बोटानं उचलायची आणि हवी तिथे ठेवायची. दोन चिठ्ठ्यांमध्ये बाण काढता येतो, चौकट आखता येते, फोटो चिकटवता येतो. आपल्याला एक लिंक येते. ती उघडली की तोच कागद आपल्यासमोर. ठाण्यातल्या माणसानं चिठ्ठी सरकवली की कल्याणच्या माणसाच्या पडद्यावरही ती त्याच क्षणी सरकते. कोण कुठे लिहितंय हे प्रत्येकाच्या नावाच्या छोट्या बाणावरून कळतं. एका सतरंजीवर कागद पसरून दहा जण भोवती बसावेत, तसंच हे. फक्त बसणारे दहा ठिकाणी आहेत.

ही कल्पना काही आजची नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को इथे डग्लस एंगलबार्ट या अभियंत्यानं एक प्रात्यक्षिक दाखवलं. आज आपण वापरतो तो माउस लोकांनी जाहीरपणे पाहिला तो त्या दिवशी. त्याच प्रात्यक्षिकात एंगलबार्ट सभागृहात बसले होते आणि त्यांचा सहकारी मेन्लो पार्क इथल्या प्रयोगशाळेत, साधारण ५० किलोमीटरवर. तरी दोघं एकाच पडद्यावरच्या एकाच मजकुरावर बोलत, बोट दाखवत काम करत होते. आपल्या हिशेबानं सांगायचं तर एक जण सीएसएमटीला आणि दुसरा डोंबिवलीला. अंतर जवळपास तेवढंच.

फळ्यावरच्या चिठ्ठ्यांची गोष्टही गमतीची आहे. थ्रीएम या अमेरिकी कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये एक गोंद सापडला. तो घट्ट चिकटत नव्हता. पण सोडवून पुन्हा लावला तर पुन्हा चिकटत होता. अशा गोंदाचं करायचं काय, हे कुणाला सुचेना. त्यांचे सहकारी आर्ट फ्राय चर्चमध्ये गायचे. गाण्यांच्या पुस्तकात ठेवलेल्या कागदी खुणा सारख्या गळून पडत. १९७४ च्या सुमारास त्यांना हा गोंद आठवला. १९८० मध्ये त्या चिठ्ठ्या अमेरिकेत सगळीकडे विकायला आल्या. चिकटते पण अडकून बसत नाही, हा त्या चिठ्ठीचा गुण. एखादी कल्पना मांडायची, आणि नको वाटली तर जागा बदलायची. पडद्यावरच्या चिठ्ठीनं हाच गुण उचलला.

चिठ्ठ्या लावून पुढे काय करायचं, याची एक नीट पद्धत जपानचे मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी १९६० च्या दशकात मांडली. ते नेपाळच्या डोंगराळ भागात काम केलेले गृहस्थ. १९८४ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावोगाव फिरून जमवलेल्या नोंदींचा ढीग कसा लावायचा, हा त्यांचा प्रश्न. त्यांचं उत्तर असं, की एका तुकड्यावर एकच नोंद लिहायची. सगळे तुकडे पसरायचे. जे एकमेकांजवळचे वाटतात ते एकत्र आणायचे. नाव शेवटी द्यायचं. आधी खाने आखून त्यात माहिती कोंबायची नाही. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला केजे पद्धत म्हणतात.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे संगणक येण्याच्या आधीपासून असा फळा आहे, आणि तो जमिनीवर आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या देशातल्या खेड्यांमध्ये लोकसहभागातून गावाचा अभ्यास करण्याची पद्धत रुजू लागली. गावकरी एकत्र जमतात आणि जमिनीवर रांगोळी, खडे, बिया, काड्या मांडून आपल्या गावाचा नकाशा काढतात. विहीर कुठे, नाला कुठे, कुणाच्या शेतातून पाणी वाहून जातं, कुठल्या वस्तीला नळ नाही. कागद-पेन घेतलं की लिहिता-वाचता येणारा एकच माणूस पुढे बसतो. जमिनीवर मात्र म्हातारी आजीसुद्धा खडा उचलून म्हणते, "इथं नव्हं, विहीर तिकडं." या पद्धतीचा जगभर प्रसार करणारे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांचा आग्रह असे, की बाहेरून आलेल्या तज्ज्ञानं नकाशा काढायची काठी गावकऱ्यांच्या हातात द्यावी आणि आपण बाजूला बसावं. ऑनलाइन फळा शिकवताना मला तंत्रज्ञानाच्या पुस्तकांपेक्षा ही काठी जास्त उपयोगी पडते.

आजचे फळे २०११ च्या आसपास आले. मिरो हा फळा त्या वर्षी रिअलटाइमबोर्ड या नावानं सुरू झाला आणि २०१९ मध्ये त्यानं आताचं नाव घेतलं. म्युरल हाही २०११ चाच. एक्सकॅलिड्रॉ हा खुला, साधा फळा २०२० मध्ये आला, फिगजॅम २०२१ मध्ये. मायक्रोसॉफ्टचाही फळा आहे. पण आपल्या भागात हे शब्द कानावर आले ते मार्च २०२० नंतर. त्या महिन्यात लोकल थांबली. १५ जून २०२० ला ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सगळ्यांना मुभा मिळाली, दुसऱ्या लाटेत पुन्हा दार बंद झालं आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीचे दोन डोस झालेल्यांना पुन्हा प्रवेश मिळाला. ज्या भागाचं सगळं घड्याळ लोकलवर चालतं, त्या भागातल्या हजारो लोकांना तेव्हा घरातून काम करावं लागलं.

आता गाड्या भरभरून धावताहेत. तरी कामाची घडी पूर्वीसारखी राहिलेली नाही. बऱ्याच ठिकाणी अर्धी माणसं ऑफिसात आणि अर्धी घरी असतात. मालक ठाण्याला, कारखाना डोंबिवली एमआयडीसीत, हिशेब पाहणारे बदलापूरला, असाही प्रकार असतो. आणि इथेच एक अन्याय होतो, जो कुणी मुद्दाम करत नाही. ऑफिसात बसलेले चौघं चहा पिता पिता बोर्डावर आराखडा काढतात. घरून जोडलेल्या तिघांना कॅमेऱ्यातून त्या बोर्डाचा एक कोपरा आणि कुणाची तरी पाठ दिसते. "काही शंका?" असं शेवटी विचारलं जातं. शंका असली तरी विचारायची कुठून, अशी स्थिती असते. एखाद्या बाईंच्या घरी दोनच खोल्या असतात. एका खोलीत आजारी सासरे, दुसऱ्या खोलीत मुलाचा अभ्यास. त्या माइक बंद ठेवून ऐकतात आणि मीटिंग संपते.

एकत्र बसूनही हे होतंच. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबं या जर्मनीतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार माणसं एकत्र बसून बोलत कल्पना काढतात, आणि तेवढीच माणसं वेगवेगळी बसून लिहितात. जास्त कल्पना कुणाच्या? वेगवेगळं बसणाऱ्यांच्या. त्याचं मोठं कारण त्यांनी दाखवलं ते अगदी साधं आहे. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. तो बोलत असताना बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता सुचलेलं विसरतात, नाहीतर आता ते बोलण्यात अर्थ नाही असं त्यांना वाटतं. लिहिण्यात ही रांग नसते. दहा माणसं एकाच मिनिटात दहा गोष्टी लिहू शकतात. फळ्याचं खरं बळ हे आहे. रंग, बाण आणि सुबक चौकटी नंतरच्या.

मग फळ्याची ओळख करून द्यायची कशी? पुष्कळ ठिकाणी पहिल्या दिवशी कुणी तरी तासभर बटणं दाखवतो. हे इथून उघडतं, ते तिथून मिटतं. लोक माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. मी पहिल्या दिवशी तीनच गोष्टी सांगते: चिठ्ठी लावायची कशी, ती हलवायची कशी, आणि चुकलं तर मागे कसं यायचं. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. "माझ्या हातून सगळं पुसलं गेलं तर?" ही भीती मोठ्या माणसांच्या मनात असते, ते बोलत नाहीत एवढंच. म्हणून मी स्वतःच सगळ्यांसमोर अर्धा फळा पुसते आणि एका बटणानं परत आणते. खोलीतला ताण तिथे कमी होतो.

त्यानंतर पहिला प्रश्न असा द्यायचा, ज्याचं उत्तर प्रत्येकाला येतं. आपल्या भागात याहून सोपा प्रश्न नाही: घरून निघून कामाला पोचेपर्यंतचा प्रवास चिठ्ठ्यांनी मांडा. एका टप्प्याला एक चिठ्ठी. रिक्षाची रांग, स्टेशनचा जिना, गाडी, पुन्हा रिक्षा किंवा चालणं. कुणी कल्याण-शीळ रस्त्यावरून बसनं येतो, कुणी घोडबंदर रोडवरून दुचाकीनं. लोक हसतात, एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचतात, आणि तेवढ्यात हात सरावतो.

पण हा नुसता खेळ नाही. वागळे इस्टेटमधल्या एका लहान कंपनीत सगळ्यांच्या चिठ्ठ्या मी वेळेच्या एका रेघेवर लावायला सांगितल्या. रोजची मीटिंग साडेनऊची. त्या रेघेवर साडेनऊपाशी पाहिलं तर नऊपैकी पाच जण दिवा ते मुलुंडच्या मध्ये गाडीत उभे. ते कानात यंत्र घालून गर्दीतून मीटिंग ऐकत होते. उशीर नको म्हणून भरलेली गाडी सोडत नव्हते, लोंबकळत येत होते. साहेब स्वतः गाडीनं येणारे, ठाण्यातच राहणारे. त्यांच्या हे ध्यानातही नव्हतं. इतक्या वर्षांत कुणी सांगितलं कसं नाही, असं त्यांनी विचारलं. सांगायला कुणी विचारलं नव्हतं. मीटिंग सव्वाअकराला गेली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले, ते आपल्याला आठवत असेल. ऑफिसच्या वेळा सरकवण्याची चर्चा त्यानंतर पुन्हा झाली. एका मीटिंगची वेळ बदलून गर्दी कमी होत नाही, हे मला मान्य आहे. पण त्या पाच जणांना एक गाडी सोडून पुढची पकडता येऊ लागली. ही गोष्ट लहान म्हणता येणार नाही.

आता खऱ्या कामाकडे वळू. फळ्यावर बसताना प्रश्न एकच असावा आणि तो वरती मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. "उत्पादन सुधारणा" हा प्रश्न नव्हे, तो मथळा झाला. "माल ठरल्या दिवशी का निघत नाही?" हा प्रश्न. मग सात मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं. बोलायचं नाही, दुसऱ्याची चिठ्ठी हलवायची नाही. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. ही शांतता सुरुवातीला फार अवघडते. कुणी तरी विनोद करतो, कुणी चहा मागवतो. पण ती मोडू द्यायची नाही, कारण सगळं काम तिथे होतं. आणि वरिष्ठांनी सगळ्यांत शेवटी लिहायचं. साहेबांची चिठ्ठी आधी दिसली की बाकीच्या चिठ्ठ्या तिच्याच आजूबाजूला उगवतात.

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हाच प्रश्न घेतला होता. अकरा माणसं, त्यातली चार ठाण्याच्या ऑफिसात. स्टोअरमधल्या एका मुलानं आपल्या मोबाइलवरून एक चिठ्ठी लावली: "गाडी दोनला येते. लेबल चारला येतात." एवढंच. लेबलांची फाइल ठाण्याहून दुपारी निघायची, कारण तिथे तो दिवसाच्या शेवटच्या कामांपैकी एक समजला जात होता. गाडी दोन तास उभी राहते, चालक वैतागतो, कधी रिकामा निघून जातो, हे ठाण्यात कुणाला ठाऊकच नव्हतं. तो मुलगा मीटिंगमध्ये कधी बोलत नसे. मीटिंग इंग्रजीमिश्रित चालायची आणि समोर मॅनेजर असायचे. लेबलं आदल्या संध्याकाळी पाठवायची, असं ठरलं. बाकी दहा-बारा अडचणी तशाच राहिल्या, त्यांवर काम चालू राहिलं. पण ही एक सुटली, आणि पुढच्या वेळी त्या मुलाच्या तीन चिठ्ठ्या होत्या.

इथे भाषेचा मुद्दा येतो. फळ्यावर इंग्रजीतच लिहायचं असा एक न सांगितलेला नियम सगळीकडे असतो. तो पहिल्याच दिवशी मोडावा. ज्याला जी भाषा येते तीत लिहावं. मराठी, हिंदी, रोमन लिपीतलं मराठी, काहीही. मोबाइलच्या कळफलकावर मराठी असते, आणि २०१७ पासून गुगलच्या कळफलकावर मराठीत बोलून टाइप करता येतं. शुद्धलेखन तपासायचं नाही. कुणाच्या ऱ्हस्व-दीर्घावर एकदा हसू आलं, की ती व्यक्ती पुन्हा लिहीत नाही.

सात मिनिटं झाली की चिठ्ठ्या वाचायच्या आणि कावाकितांच्या पद्धतीनं जवळच्या चिठ्ठ्या एकत्र आणायच्या. नाव नंतर द्यायचं. मग मतदान. प्रत्येकाला तीन टिकल्या. ज्या गोष्टीपासून सुरुवात करावी असं वाटतं, तिच्यावर टिकली लावायची. आणि शेवटी, फळा बंद करण्याआधी, उजव्या कोपऱ्यात एक चौकट: काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत. नाव आणि तारीख नसेल तर फळा म्हणजे सुंदर रांगोळी. दुसऱ्या दिवशी पुसली जाते.

अडचणी कुठे येतात, तेही सांगते. सगळ्यांत मोठी अडचण तंत्राची नाही. एका ठिकाणी चिठ्ठ्या छान आल्या होत्या. वरिष्ठांनी त्यातली एक मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?" राग नव्हता, कुतूहल होतं. पण त्यानंतर पाच मिनिटं एकही नवी चिठ्ठी आली नाही. काही फळ्यांवर नाव न देता पाहुणा म्हणून येता येतं. नाजूक प्रश्न असेल तर ती सोय वापरावी. आणि 'कुणी लिहिलं' याऐवजी 'हे कुठे कुठे घडतं' असं विचारावं. माणूस शोधायचा नाही, गोष्ट समजून घ्यायची.

दुसरी अडचण मोबाइलची. लॅपटॉपवर दिसणारा प्रचंड फळा मोबाइलवर चिमुकला होतो. बोटांनी मोठा करता करता माणूस हरवतो. म्हणून चौकटी आखून त्यांना एक, दोन, तीन असे आकडे द्यावेत आणि 'आता चौकट दोनमध्ये या' असं तोंडानं सांगावं. कुणाचं नेटवर्क गेलं, घरची वीज गेली, तर त्या व्यक्तीनं फोनवर सांगावं आणि दुसऱ्यानं तिच्याच शब्दांत चिठ्ठी लिहावी. सहकारी दृष्टिहीन असेल तर प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचावी आणि कुठली कुठे ठेवली तेही सांगावं. पडदा वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेला अशा मोकळ्या फळ्यावर वाट काढणं कठीण जातं. तेव्हा त्यांच्यासाठी साधी यादी जास्त सोयीची असेल तर यादी करावी. फळ्यासाठी माणूस नसतो.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला फळा उघडता येईल, अशी सोय पुष्कळदा चालू असते. म्हणून ग्राहकांचे फोन नंबर, आधार क्रमांक, पगाराचे आकडे फळ्यावर लिहू नयेत. व्यक्तींच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं २०२३ मध्ये मंजूर केला आहे. पण कायद्याआधी शहाणपण असावं. काम झालं की लिंक बंद करावी.

चौथी गोष्ट जपणुकीची. गुगलचा जॅमबोर्ड हा फळा बऱ्याच शाळांत आणि ऑफिसांत वापरात होता. तो ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. ज्यांनी आपले फळे आधी उतरवून घेतले, त्यांचं काम वाचलं. म्हणून प्रत्येक बैठकीनंतर फळ्याची प्रत पीडीएफ किंवा चित्राच्या रूपात आपल्याकडे ठेवावी. कुठला फळा घ्यावा, असं मला नेहमी विचारतात. आपल्या ऑफिसात आधीच जी सोय आहे, ती आधी वापरून पाहा. मोबाइलवर नीट उघडतो का, फुकटात किती फळे मिळतात, आणि आपलं काम बाहेर काढता येतं का, एवढं बघा. पैसे भरायचा विचार तीन महिन्यांनी करा.

आणि प्रत्येक गोष्टीला फळा लागत नाही. एका फोनवर सुटणारा प्रश्न फोनवर सोडवावा. कुणाच्या चुकीबद्दल बोलायचं असेल तर समोरासमोर, दार लावून बोलावं. दहा जणांच्या देखत चिठ्ठी लावून नव्हे. निर्णय आधीच झालेला असेल तर लोकांना लिहायला बसवू नये. तो त्यांचा अपमान आहे, आणि तो त्यांना बरोबर कळतो. एकदा असं झालं की पुढचे चार फळे रिकामे जातात.

थोडक्यात काय, तर फळा विकत मिळतो, फुकटही मिळतो. त्यावर लिहिण्याचा हक्क मात्र ऑफिसातल्या माणसांनीच एकमेकांना द्यायचा असतो. तो दिला की स्टोअरमधला मुलगा, घरून जोडलेल्या बाई, गाडीत उभे असलेले पाच जण, हे सगळे कामात येतात. नाही दिला तर महागातला महाग फळा सोसायटीच्या काचेमागच्या फलकासारखाच राहतो.

आपल्याला हे करून पाहायचं असेल, तर येत्या आठवड्यात अर्धा तास काढा. फळाच पाहिजे असं नाही. टेबलावर एक मोठा कागद पसरून आणि वहीची पानं फाडूनही चालेल. आपल्या कामातला एकच अडलेला प्रश्न वर लिहा. सात मिनिटं सगळे गप्प बसून लिहा, मोठ्यांनी शेवटी लिहा. चिठ्ठ्या जुळवा, टिकल्या लावा. आणि उठण्याआधी एका कामापुढे एक नाव आणि एक तारीख लिहा. ते काम त्या तारखेला झालं, तर पुढचा फळा कसा वापरायचा हे आपल्याला कुणी शिकवावं लागणार नाही.